बिनदुधाची बरणी

देवपूर, धुळे
गुरुवार, दुपार

प्रिय हितेंद्र,

फोन सोडून पत्र लिहिते आहे, आणि तेही कुरिअरने पाठवते आहे, याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तू मीटिंगमध्ये असतोस. सावद्यात, चहूबाजूंनी केळीच्या बागा असताना, तुझी एवढी मीटिंग कुणाशी चालते हे मला अजून कळलेलं नाही. पत्र मध्येच कापता येत नाही. फार तर अर्ध्यावर टाकून देता येतं, आणि तेही तू करणार नाहीस, कारण हे तुझ्या बरणीबद्दल आहे. स्वतःच्या बरणीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या तर तू शेवटपर्यंत वाचतोस.

मेघा बरी आहे. हे आधी सांगते, कारण तू विचारलं नाहीस. माझ्या खानावळीत जेवणारी, वरच्या खोलीत राहणारी साक्रीकडची मुलगी, जिला तुझं ते ‘दुधाचा अंशही नाही’ असं छापलेलं चीज खाऊन दवाखान्यात न्यावं लागलं, ती परवा खोलीवर परत आली. चेहऱ्याची सूज उतरली आहे, आवाज अजून घोगरा आहे. त्या दिवशी मी तुला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून फोन केला तेव्हा तू विचारलंस की बरणी कोणत्या दुकानातली, कुणी फोटो तर काढला नाही ना, आणि तिच्या घरची माणसं कशी आहेत. मुलगी कशी आहे हे विचारायचं राहून गेलं असावं. कामाच्या माणसाचं राहतं.

मुळात हे क्रीम चीज आपल्याकडे कुणी मागितलं होतं? सावद्यात, फैजपुरात, जळगावात कोण सकाळी उठून म्हणत होतं की पोळीला लावायला काही नाही बुवा, फार अडचण होते आहे? आपल्या घरात साय आहे, लोणी आहे, फडक्यात टांगलेला चक्का आहे. तू पुण्याला कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आलास आणि आम्हाला सांगितलंस की जगाला क्रीम चीज हवं आहे. बरं, हवं तर हवं. मग म्हणालास, पण त्यात दूध नको. म्हणजे आधी चक्क्याला विलायती नाव द्यायचं, मग त्यातून चक्का काढून टाकायचा, आणि उरेल त्याला दुप्पट भाव लावायचा. हे ऐकून आई म्हणाली होती, ‘मंग त्याच्यात राह्यलं काय?’ तू हसलास आणि तिला म्हणालास, तुला नाही कळणार माय. माझ्या मते त्या अख्ख्या वर्षात त्या घरात विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता.

तुझे प्रयोग मी दर सुट्टीला पाहिले. केळी पिकवायची खोली धुऊन, पांढऱ्या टाइल्स लावून तू तिचं स्वयंपाकघर केलंस आणि दारावर आत जाताना टोपी घालायची पाटी लावलीस. पाटीच्या समोर, अंगणात, आईच्या दोन म्हशी रवंथ करत उभ्या. आधी तू काजू भिजवून वाटलेस, तर भिंतीला द्यायच्या चुन्यासारखं काहीतरी झालं. मग नारळाची साय आणलीस. ते पावाला लावावं की केसांना, असं मी विचारलं तर तुला राग आला. सोयाबीनच्या पनीराला गुरांच्या भिजलेल्या ढेपेचा वास येत होता. ते तू म्हशीपुढे ठेवलंस आणि तिनेही तोंड फिरवलं, हे सांगताना गड्यांची अजून हसून पुरेवाट होते. बदामाची सालं काढून काढून आईची नखं दुखायला लागली, तेव्हा तुला कुणीतरी सांगितलं की बदाम परवडत नाहीत. शेवटी तू आलास कुठे, तर शेंगदाण्यावर. खान्देशातला माणूस पुण्याला जाऊन शोध लावून आला की शेंगदाणा वाटला तर मऊ होतो. काजू थोडे, शेंगदाणे जास्त, आणि आंबटपणाला लिंबू. लिंबू पिळलेला कूट तो, दुसरं काय. शेवटी तू मुंबईहून त्या गोळ्या मागवल्यास. गोळी फोडायची, आतली पूड वाटणात कालवायची, रात्रभर झाकून ठेवायचं, की ते दह्यासारखं आंबतं. त्याला तू कल्चर म्हणायचास. आई गोळी म्हणायची.

खोटं कशाला लिहू, त्या गोळ्यांची पहिली बरणी बरी होती. मिठाला कमी, पण बरी. उद्घाटनाला जळगावच्या त्या हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये तू सगळ्यांना बिस्किटांवर लावून वाटलीस, वर कांद्याची पात भुरभुरवून. एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, किती मातीशी जोडलेली चव आहे. शेंगदाण्याची चव मातीशी जोडलेली असणारच, तो मातीतच लागतो. आईला तू नवी साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतंस आणि बरणीवर तिचा फोटो छापला होतास, खाली ‘आईच्या हातची परंपरा’. साठ वर्षं म्हशींच्या शेणादुधात हात घातलेल्या बाईचा फोटो बिनदुधाच्या बरणीवर. पण आई खूश होती. घरी येताना गाडीत ती बरणी मांडीवर घेऊन बसली होती.

मेघासाठी ती बरणी मीच आणली, हेही तुला माहीत आहे. ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वडिलांनी, भाईदासभाऊंनी, दारातच हात जोडून सांगितलं होतं, ‘ताई, पोरले दूध चालत नही. दही नही, ताक नही, तूप बी नही. बाकी बठ्ठं खास ती.’ म्हणजे बाकी सगळं खाते. लहानपणी एकदा कुणाच्या तरी बारशाला पेढ्याचा तुकडा तोंडात गेला आणि ती निळी पडली होती. बाकीच्या मुली आधी तिची टिंगल करायच्या, मग सवय झाली. दूध वाढायची पळी मी वेगळी ठेवली, तिचा तवाही वेगळा. तरी ती कुठलाही पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नसे. बिस्किटांचा पुडा असो की शेवेचा. तुझी बरणीही तिने अशीच फिरवून वाचली. मग मला विचारलं, ‘ताई, हे तुमच्या भावाचं ना?’ मी हो म्हटलं. तिने झाकण उघडलं.

पहिली बरणी तिने आठवडाभरात संपवली. कळण्याच्या भाकरीला लावून खायची आणि म्हणायची, साय अशी लागत असेल का हो? मला त्या दिवशी तुझं कौतुक वाटलं होतं. हे मी लिहिते आहे ते तुला बरं वाटावं म्हणून नव्हे. माझं कौतुक कुठे खर्ची पडलं ते तुला कळावं म्हणून.

दुसरी बरणी मार्चअखेरीची. पेपर होता म्हणून ती सकाळी लवकर खाली आली, भाकरीला चीज लावून उभ्याउभ्याच खाल्लं आणि हॉलतिकीट शोधायला वर गेली. जिन्यातच बसली. मी गेले तर ओठ सुजलेले, गळ्यावर गांधी उठलेल्या, आणि श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज. रिक्षात ती माझा दंड धरून बसली होती. पांझरेच्या पुलावर आमच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, तो ट्रॅक्टरवर ओरडत होता, आणि तिला ओरडायला श्वास नव्हता. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, दूध गेलंय पोटात. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, शक्यच नाही, माझ्या भावाची बरणी आहे. पाहा, मी दवाखान्यात तुझ्या बाजूने भांडले आहे. पेपर तिचा बुडाला तो बुडालाच.

म्हणून मी तुला न कळवता सावद्याला आले. तू नेहमीप्रमाणे कुठल्यातरी प्रदर्शनाला गेला होतास. आईला काही न सांगता मी म्हटलं, माय, मला बघू दे तू कसं करतेस. तिने टोपी घातली. पाटीप्रमाणे. हात धुतले, शेंगदाणे वाटले, काजू वाटले, फडक्याने झाकलं. मग चप्पल घालून घरातल्या स्वयंपाकघरात गेली, फळीवरून आपला तो दह्याचा गडू काढला आणि एक चमचा आणून त्यात कालवला. मी विचारलं, हे काय? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू धुळ्याला राहून पोरीचं डोकं गेलं. ‘विरजन लावून राह्यले. बिना विरजनाचं आंबते का कुठी?’ मी म्हटलं, अगं पण यात दूध घालायचं नाही ना? ‘दूध कुठी टाकलं मी? हितेंद्रनं सांगतलं दूध टाकू नको, तं थेंब टाकला नही. हे त विरजन हाये.’

तुला यावर हसू येईल किंवा राग येईल. दोन्ही येण्याआधी जरा आठव. त्या घरात विरजण कधी दुधात मोजलंय कुणी? ते मिठासारखं असतं. आंबील आंबवायची, विरजण. ढोकळ्याचं पीठ फुगवायचं, विरजण. शेजारणी वाटी घेऊन यायच्या तेव्हा दूध उसनं मागायला लाजायच्या, विरजण मागायला कुणी लाजत नसे. दिवे लागल्यावर मात्र आई ते कुणाला देत नसे, कारण तेव्हा विरजण बाहेर गेलं की घरची बरकत जाते. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिने तो गडू रिकामा होऊ दिलेला नाही. आपण दोघं त्याच गडूच्या दह्यावर वाढलो. तू शिबिरात शिकलेलं सगळं तिला सांगितलंस, टोपी कशी घालायची तेही सांगितलंस. ‘दूध नाही’ म्हणजे नेमकं काय काय नाही, आणि ते का नाही, कुणाचा जीव त्यावर अवलंबून असतो, हे सांगायला तुला वेळ झाला नाही. बारशाच्या पेढ्याने निळ्या पडणाऱ्या मुलीही जगात असतात, हे आईने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

पण तू विचारशील, गोळ्या होत्या ना? मीही विचारलं. गोळ्या संपल्या होत्या. तू पुण्याला स्टॉल लावून बसला होतास, आईने तुला फोन करवला, आणि तू म्हणालास, ‘माय, गोळ्यांचं पाहू नंतर. ऑर्डर मोठी आहे. तू आंबवून ठेव, तुला येतंच.’ तुला येतंच. हे तिने मला अभिमानाने सांगितलं रे. इतके महिने तुझ्या टाइल्सच्या खोलीत ती पाहुण्यासारखी वावरत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू कबूल केलंस की तिलाही काही येतं. तिने तिला येतं तसं केलं. तुझं चीज त्यामुळे इतकं छान झालं की पुण्याहून तुला दुसरी ऑर्डर आली, आणि तू सगळीकडे सांगत सुटलास की आमचं आंबवण्याचं तंत्र आता जमलं. कसं जमलं, हे तुला एकदाही आईला विचारावंसं वाटलं नाही. कौतुक चालू असताना कोण विचारतो.

हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं. तू आधी म्हणालास, एका चमच्याने काय होतं अक्का. काय होतं ते मी पांझरेच्या पुलावर पाहिलं होतं. मग म्हणालास, लेबलवर बारीक अक्षरात ‘अंश असू शकतो’ असं टाकू. म्हणजे मोठ्या अक्षरात नाही, आणि बारीक अक्षरात आहे. अशी बरणी विकायला छातीच लागते. मी ओरडले तेव्हा कुठे बरण्या परत घ्यायचं कबूल केलंस. धुळ्यातल्या मी स्वतः उचलल्या. पुण्यातल्या परत मागवल्या आणि जळगावातल्या उचलल्या असं तू म्हणालास, आणि तुझ्या शब्दावर माझा विश्वास असल्यामुळे मी जळगावच्या दुकानदाराला फोन करून खात्री करून घेतली. बरण्या खरंच उचलल्यास. पण तो भला माणूस मला म्हणाला, ‘हितेंद्रभाऊ काय करतील हो, त्यांची आई जुनी बाई, अडाणी. तिच्या हातून झालं म्हणे. आता तिला त्या खोलीत येऊच देणार नाहीत.’

हितेंद्र, तू काजूचा चुना केलास तेव्हा मी हसले. म्हशीपुढे सोयाबीन ठेवलंस तेव्हाही हसले. तुझ्या मीटिंगांना हसते, हॉटेलातल्या त्या बाईंना हसले. पण हे ऐकून मला हसू आलं नाही. चव चांगली होती तोवर बरणीवर आईचा फोटो, आणि विष निघालं तेव्हा दुकानदाराच्या तोंडी आईचं नाव. मधल्या सगळ्यात तुझं नाव कुठे आहे ते मी शोधते आहे. मालक म्हणून छापलेलं आहे, तेवढं सापडलं.

आई इथे माझ्याकडे आहे, हे तुला ज्योत्स्नाने सांगितलं असेलच. तुझी बायको तुझ्यापेक्षा जास्त फोन करते, तिला माझे आशीर्वाद. मी आईला आणलं नाही. मेघाचं ऐकल्यावर तिनेच पिशवी भरली. एसटीत भुसावळपासून धुळ्यापर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आल्यावर मेघाच्या उशाशी बसली आणि तिच्या हाताला हात लावायच्या आधी साबणाने दोनदा हात धुऊन आली. मी मेघाला सगळं खरं सांगितलं आहे. ती आईवर रागावलेली नाही. मात्र आता मी वाढलेली भाजी ती विचारून खाते. ‘ताई, यात काही नाही ना?’ मी नाही म्हणते, ती मान हलवते आणि तरी चमच्याच्या टोकावर घेऊन आधी चाखून पाहते. तुझ्या धंद्यात याचा हिशेब कुठे धरतात ते मला माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भाईदासभाऊ रविवारी दुपारी येणार आहेत. मुलगी आजारी पडल्यावर ते धावत येऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की खाण्यात दूध गेलं. कुठून गेलं ते विचारायला आता येत आहेत, आणि त्यांचा तो हक्क आहे. आईने ठरवलंय की त्यांच्यासमोर तीच बोलणार. कालपासून ती मेघाजवळ बसून शिकते आहे, कारण तिला वाटतं आपली सावद्याकडची बोली त्यांना नीट कळणार नाही. मेघा सांगते, ती मागून म्हणते, ‘भाऊ, मनी चूक व्हयनी.’ मेघा म्हणते, आजी, असं नका हो म्हणू, आणि आई म्हणते, तू नुसतं सांग, बरोबर म्हनलं का मी? तुझा तो फोन, ते ‘तुला येतंच’, त्यात ती कुठेच घेत नाही. मी विचारलं, का नाही सांगत? तर म्हणाली, ‘त्याचं नाव कायले? पोरगं नवं काम करून राह्यलं. माह्यं काय, मी त म्हातारी.’ मी त्यांना सगळं सांगू शकते. पण मग ती बहिणीने केलेली तक्रार होईल, आणि आई मला खोटं पाडेल. तुझ्यासाठी तेवढं ती सहज करेल. तेव्हा तूच ये. बरणी नको, फुलं नको, नुकसानभरपाईचं पाकीट तर अजिबात नको. भाईदासभाऊंच्या आधी ये, आईच्या शेजारी खाली बस, आणि तिने तोंड उघडायच्या आत तू बोल. कुठल्या बोलीत बोलायचं याची चिंता करू नकोस. काय बोलायचं ते तुला येतंच.

तुझीच, रविवारपर्यंत तरी,
प्रमिला अक्का